वाटी रिकामी जाऊ नये

१

गावडे चाळीत माणसं होती तेव्हा कोणाकडे काय शिजतंय ते नाकाला कळायचं आणि कोणाकडे काय बिनसलंय ते कानाला. आता वरच्या मजल्यावर एकच बिऱ्हाड उरलं होतं, परबांचं. नलिनी परबनं फोडणी घातली की तिचा वास बंद दारांवरून गॅलरीच्या टोकापर्यंत जायचा, आणि कोणी म्हणून "काय गं, आज काय केलंस?" असं विचारत नव्हतं.

दहिसर पूर्वेला, नदीच्या अलीकडे ही चाळ. डावीकडे टॉवर, उजवीकडे टॉवर, मागे तिसऱ्या टॉवरचा खड्डा. विकास म्हणतात त्याला. विकास झाला तो असा, की नळाची धार करंगळीएवढी झाली, ऊन दुपारी घटकाभर डोकावून जाऊ लागलं, आणि खड्ड्यातलं यंत्र सुरू झालं की भिंतीवरचे देव फोटोसकट थरथरू लागले. चाळकऱ्यांनी मीटिंगा घेतल्या. एवढी माणसं येणार, त्यांच्या गाड्या कुठे उभ्या राहणार, त्यांचं सांडपाणी नदीतच ना, असं सगळं विचारून झालं. बिल्डरचा माणूस विकी, वागायला गोड पोरगा, प्रत्येक वेळी म्हणायचा, "नोट केलंय काका." काय नोट केलं देव जाणे. पलीकडच्या गल्लीतली चाळ पाडून कैक वर्षं झाली, तिथे अजून पत्र्याचं कुंपण आणि आत एरंड माजलाय. भाड्याने गेलेली तिथली म्हातारी माणसं तिकडेच खपली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी होकार दिला, कारण नाही म्हणणाऱ्याला शेवटी पाणी तोडून बाहेर काढतात हेही ठाऊक होतं. मग कोणी नालासोपाऱ्याला गेलं, कोणी कल्याणला, कोणी सरळ गावी.

परब मागे राहिले ते जयवंतमुळे. जयवंत म्हणजे नलिनीचा नवरा. तरुणपणी गिरणीत, गिरणी बुडाल्यावर दूध केंद्रावर, आणि आता त्याच्या डोक्यातलं एकेक पुसत चाललं होतं. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, ते नलिनीनं लक्षात ठेवलं नाही. नाव पाठ करून माणूस बरा होणार होता थोडाच! पण चाळीत त्याचं भागत असे. खाटेवरून दार, दारातून कठडा, कठड्याला हात घासत गॅलरीच्या टोकाचा संडास. डोकं विसरलं तरी पाय विसरले नव्हते. मुलगा हर्षद दिंडोशीला राहतो. त्यानं मे महिन्यात बापाला दोन दिवस नेऊन बघितलं. जयवंत भिंती चाचपत फिरला, आणि शेवटी कपाटाच्या दारासमोर उभा राहून त्यानं पायजमा ओला केला आणि लहान पोरासारखा रडला.

"इथून हलले की उरलेसुरलेही जातील," नलिनी हर्षदला म्हणाली. "उरलेत तेवढे तरी राहू देत मला."

उरलेत म्हणजे काय, तर तो तिला "बाई" म्हणायचा. "बाई, पाणी मिळेल का?" चाळीस वर्षांवर संसार केलेल्या बाईला. ती पाणी द्यायची आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून यायची.

पण चाळ काही थांबणार नव्हती. म्हणून एके दुपारी ती भांडी बांधायला बसली, तेव्हा डब्यांच्या मागे एक स्टीलची वाटी सापडली. बुडाला नाव कोरलेलं, जानकी सावंत. शेजारच्या खोलीतली जानकी. पाडव्याच्या आसपास ती नालासोपाऱ्याला गेली, आणि तिची वाटी इकडेच राहिली.

आता दुसरी कोणी असती तर तिनं वाटी आपल्या भांड्यांत टाकली असती. पण नलिनीच्या आईनं तिला एक गोष्ट अशी शिकवली होती की ती हाडात मुरलेली. शेजारणीची वाटी ठेवून घ्यायची नाही, आणि परत करताना रिकामी द्यायची नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घाल, पण रिकामी नको. रिकामी वाटी दिली म्हणजे संबंध तुटला.

नलिनीनं वाटी घासली, साखर घातली आणि शेजारच्या खोलीत शिरली. दाराची कडी कोणीतरी काढून नेली होती. आत काही नव्हतं. कॅलेंडरचा पांढरा चौकोन भिंतीवर आणि ओट्याची काळी फरशी, बस. तिनं वाटी ओट्यावर ठेवली आणि स्वतःशीच हसली. म्हातारचळ लागला मेला, म्हणाली. पण मनाला बरं वाटलं. हिशेब नाही, पण रीत पुरी झाली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केर काढायला बाहेर आली तर वाटी उंबऱ्यावर होती. वर बशी झाकलेली. बशी उचलली तर आत काळ्या वाटाण्याची आमटी, आणि तिला हात लावला तर गरम.

नलिनी काही भुताखेताला भिणारी बाई नाही. पहिला विचार तिच्या मनात आला तो वॉचमनचा. पण वॉचमन बिहारचा, तो कुठून काळे वाटाणे भिजत घालणार? मग वाटलं, खालच्या अंगाला कोणी परत राहायला आलं असेल. जाऊन बघितलं. खाली सगळ्या दारांना बिल्डरची कुलपं. ती जानकीच्या खोलीत गेली. ओटा कोरडा. गॅसची नळी कापलेली, तिचं तोंड चिंधीनं बांधलेलं. ओट्यावर हात ठेवून बघितला तर फरशी मात्र कोमट होती. पत्रा तापला असेल, तिनं मनाला समजावलं. सकाळचे सात वाजले होते, आणि या चाळीवर ऊन दुपारीच येतं, हे तिला खोलीबाहेर आल्यावर आठवलं.

घरात आली तर जयवंत वाटी तोंडाला लावून बसलेला.

"अहो, ठेवा ते," ती म्हणाली. "कुणी दिलंय ठाऊक नाही."

जयवंतनं वाटी खाली ठेवली. रिकामी. मिशांना लागलेलं पुसलं आणि म्हणाला, "जानकीच्या हातचं आहे. खोबरं नेहमी काळं करते ती." मग जरा थांबून तिच्याकडे बघत, "नलिनी, पाणी दे गं."

ती जागची हलली नाही. नंतर तिला स्वतःचीच लाज वाटली, की माणूस पाणी मागतोय आणि आपण खांबासारख्या उभ्या. पण नलिनी म्हणाला होता तो. कितीतरी महिन्यांनी. तिनं पाणी दिलं, आणि तो पिईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग मोरीत न जाता तिथेच त्याच्यासमोर रडली. तो म्हणाला, "काय झालं तुला?" हेही तो कितीतरी महिन्यांत म्हणाला नव्हता.

त्या दिवशीचा चहा तिला अगोड लागला. दोनदा साखर घातली तरी. जयवंत म्हणाला, "पाक केलास की काय?" तिनं बोटावर साखर घेऊन चाखली. वाळू चघळावी तशी कचकचली, गोडीचं नाव नाही. तोंड आलं असेल, ती म्हणाली.

३

तिनं जानकीला फोन लावला. या दोघी एकमेकींशी मालवणीतच बोलायच्या.

"जानकी, तू चाळीत इल्लंस काय गो?"

"मी? माझे गुडघे बघलंस मां? जिनो उतरूक होत नाय माका." जानकीचा आवाज ओळखीचा होता, पण कसा तरी पातळ. "कित्याक गो?"

"तुझी वाटी माझ्याकडे रवली हा. काळ्या वाटाण्याची आमटी खाऊशी वाटली, म्हणान विचारलंय. खोबरा किती भाजतंस तू?"

 मग जानकी म्हणाली, "माका नाय आठवत गो, नलिनी. खरा सांगतंय. हयसर इल्यापासून माका रांदूकच येणा नाय. डबो लावलो हा झिलान. चुलीसमोर उभी रवतंय आणि हात तसोच रवता." आणि मग, हळूच, "माझे देव खयच्या भिंतीक होते गो? दाराकडच्या, काय मोरीकडच्या?"

"मोरीकडच्या," नलिनीनं सांगितलं. फोन ठेवून ती खाटेच्या कडेला बसली. मोरीकडची ती भिंत दोघींच्या खोल्यांची सामाईक होती. त्या पलीकडून, अगदी बारीक, पाट्यावर वरवंटा फिरावा तसा आवाज येत होता. मागच्या खड्ड्यातलं यंत्र असणार. यंत्राचाच होता आवाज, नाहीतर कशाचा?

वाटी घासून पालथी घातली होती. तिच्याकडे तिनं बघितलं, जयवंतकडे बघितलं. तो खिडकीशी बसून गिरणीतल्या कोणाची तरी गोष्ट आठवून एकटाच हसत होता. तिला कळत होतं की हे काही बरं नाही. शहाण्या माणसानं ती वाटी नदीत फेकली असती. पण शहाण्या माणसाचा नवरा त्याला "बाई" म्हणत नसतो. तिनं कुळथाची पिठी केली, वाटीत घातली आणि पलीकडे ठेवून आली.

सकाळी उंबऱ्यावर वाटी. आत तिसऱ्यांचं, शिंपल्यांचं सुकं. जयवंतनं बोटं चाटून खाल्लं आणि हर्षदच्या बारशाला कोण कोण आलं होतं ते नावानिशी सांगितलं. दुपारी म्हणाला, "तुळशीदासचा खोकला वाढलाय वाटतं. आत्ता खोकत होता." तुळशीदास पाटणकर कोपऱ्यातल्या खोलीत राहायचा, तो कल्याणला जाऊन वर्ष होत आलं होतं. "भास झाला असेल तुम्हाला," नलिनी म्हणाली. खोकला तिनंही ऐकला होता.

असं सुरू झालं ते. ती द्यायची, पलीकडून यायचं, तो खायचा आणि भरत जायचा. आणि दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा पिठी करायला उभी राहिली, तर कुळथाचं पीठ एका हातात, पाण्याचा तांब्या दुसऱ्या हातात, आणि आधी काय घालायचं ते येईना. पिठी म्हणजे काय हो, कोकणातल्या पोरीला परकर नेसायच्या आधी येते. तिनं पीठ पुन्हा डब्यात भरलं. वय झालं, म्हणाली. पण ते म्हणताना तिला जानकीचा फोनवरचा आवाज आठवला. तरी त्या दिवशी तिनं वाटीत सोलकढी भरून पाठवली. उद्यापासून आपल्याला सोलकढी करायला येणार नाही, एवढंच ना? न येऊ दे. बाजारात तयार मिळते.

रविवारी हर्षद आला. दारात पाऊल टाकलं तर बाप म्हणाला, "हर्षद, केस किती पिकले रे तुझे. श्वेता कशी आहे?" श्वेता त्याची बायको. हर्षद एवढा मोठा बाप्या, चपला न काढता तसाच गॅलरीत गेला आणि कठड्याला धरून रडला.

"आई, हे कसं झालं?" त्यानं विचारलं. "कुठलं औषध?"

"खातायत नीट," ती म्हणाली. "इथलं अन्न मानवतं त्यांना."

"मग आता चला की. आता ते तिकडेही राहतील. विकी म्हणतो उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी मशीन लावणार, त्याच्या आधी लाइट कापणार. आई, तू वाळलीस गं. तुझ्याकडे बघवत नाही."

"थोडं राहिलंय रे त्यांचं," नलिनी म्हणाली. "अजून थोडे भरू देत. एकदा पुरते आले हाताशी, की मग कुठेही ने."

४

पुरते म्हणजे किती, ते तिनं ठरवलं नव्हतं. कोण ठरवतं? रोज सकाळी तो काल नव्हता एवढा जास्त असायचा. एके दिवशी त्यानं तिचा हात धरला आणि लग्नात तिला नेसवलेल्या शालूचा रंग सांगितला. असं झाल्यावर कोणती बाई म्हणेल की आता पुरे?

म्हणून तिनं तांदळाची खीर केली. खीर ती वर्षातून एकदा करायची, अपूर्वाच्या, म्हणजे हर्षदच्या मुलीच्या वाढदिवसाला. ती वाटी पलीकडे ठेवताना तिचा हात क्षणभर अडला होता. पण ठेवली.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. जयवंतनं उचलून स्पीकर लावला, तिच्यासमोर धरला. पडद्यावर एक मुलगी होती. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. "आजी, बघ ना, दात," मुलगी म्हणाली. नलिनी हसली. गोड मुलगी, कोणाची आहे कोण जाणे. तिनं विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"

मुलगी हसायची थांबली. पडद्यावर श्वेताचा चेहरा आला, मग फोन बंद झाला. जयवंत तिच्याकडे बघत होता. "अपूर्वा आहे ती," तो म्हणाला. "आपली अपू. नलिनी, असं काय करतेस?" त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. ती भीती तिनं ओळखली, कारण गेली दोन वर्षं ती तिच्याच चेहऱ्यावर होती.

त्या दुपारी नलिनीनं वाटी घासली, पुसली, आणि जन्मात पहिल्यांदा शेजारणीच्या ओट्यावर रिकामी नेऊन ठेवली.  आईनं बघितलं असतं तर तोंडात मारली असती. संबंध तुटू दे म्हणूनच तर ठेवली तिनं. घरी येऊन सामाईक भिंतीला पाठ लावून बसली. पलीकडे काही वाजत नव्हतं. वरवंटा नाही, खोकला नाही. एवढं शांत, की तिला मागच्या टॉवरवरच्या मजुरांचं बोलणं ऐकू आलं.

सकाळी उंबऱ्यावर काही नव्हतं. जयवंत खाटेवर बसला होता आणि स्वतःचे तळहात उलटेपालटे करून बघत होता. मग तो उठला, गॅलरीत गेला, आणि कठड्याला हात न लावता भलत्याच टोकाला चालत जाऊन भिंतीसमोर उभा राहिला. भिंत चाचपू लागला. पाय कधी विसरले नव्हते ते आज विसरले. नलिनी धावत गेली. त्यानं वळून बघितलं. डोळे भरलेले.

"बाई," तो म्हणाला, "माझं घर कुठे आहे? कोणी सांगेल का मला?"

तिनं त्याला घरात आणून निजवलं, त्याचे कपडे बदलले, त्याच्या कपाळावरून हात फिरवत बसली. तो झोपल्यावर उठली. करायला काहीच येत नव्हतं तिला आता. डबे उघडून बघितले, आतलं काय म्हणून वापरायचं ते कळेना. साखर तेवढी घ्यावी म्हटलं, तर ती तिनं पहिल्याच दिवशी देऊन टाकलेली. तशीच, रिकाम्या हातांनी, ती शेजारी गेली.

दार लोटलेलं होतं. दुपार होती, उन्हाची एक पट्टी उंबऱ्यापर्यंत आली होती, आणि आत असायला हवा त्यापेक्षा जास्त काळोख होता. आधी वास आला. भाजलेलं खोबरं, तेलातला लसूण, गरम भात, बारा घरांच्या फोडण्या एकत्र. मग तिला पाठी दिसल्या.

पंगत बसली होती. माणसं तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, ओळीत बसलेली. त्या टीचभर खोलीत एवढी ओळ मावायची नाही, पण मावली होती. कोणी बोलत नव्हतं. जेवताना हात हलतात तसे सगळ्यांचे उजवे कोपर हलत होते. तुळशीदासची भोकं पडलेली बनियन तिनं ओळखली. जानकीचा अंबाडा ओळखला. जानकी नालासोपाऱ्याला होती, जिवंत होती, अलीकडेच फोनवर बोलली होती. नलिनीला वाटलं, आपण हाक मारावी. पण हाक मारली तर ती वळेल, आणि पुढून ती कशी असेल हे बघायची तिची छाती होईना.

"माझ्याकडे घालायला काही नाही," ती दारातूनच म्हणाली. "काहीच उरलं नाही गो."

कोपर थांबले. सगळे एकदम. मग जानकी जरा सरकली, शेजारचा सरकला, पदर आवरल्याचा आवाज झाला, आणि ओळीत एका माणसाची जागा झाली.

नलिनीनं मागे वळून आपल्या दाराकडे बघितलं. आतून जयवंत झोपेत कण्हत होता. घर कुठे, घर कुठे, असंच काहीतरी. तिला रडू आलं आणि जरासा रागही आला, कोणावर ते मात्र कळेना. बिल्डरवर, त्या चाळ सोडून गेलेल्यांवर, स्वतःच्या आईवर, कोणावर तरी. मग तिनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, पदर कमरेला खोचला आणि आत गेली.

५

सोमवारी सकाळी टेंपो आला.

सामान उतरवत होता तो म्हातारा भारी हुशार होता. दाढी गुळगुळीत, शर्ट खोचलेला. हमालांना सांगत होता, "फ्रीज आडवा नको रे, उभा न्या. ती पेटी काचेची आहे." सगळी माणसं त्याचं ऐकत होती. त्याचा मुलगा सारखा त्याच्याकडे बघून डोळे पुसत होता. ती फाटकाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हे बघत होती. तिला बरं वाटलं. म्हातारपणी एवढं ठणठणीत असणं म्हणजे नशीब लागतं.

तो मुलगा तिच्याजवळ आला, तिच्या पायांशी उकिडवा बसला. "आई, उन्हात बसलीस का? गाडीत बस ना."

"असू दे," ती म्हणाली. सगळे आई म्हणत होते तिला, आपण कशाला मोडता घाला. त्याची बायको त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "शॉक असेल रे. घर सुटलं की होतं असं. उद्या डॉक्टरांकडे नेऊ." 

विकी हेल्मेट घालून आला. "काका, झालं ना सगळं? वर कोणी नाही, मी स्वतः एकेक खोली बघून आलो. जरा बाजूला व्हा, धूळ उडेल." मागे पिवळं मशीन उभं होतं, त्याच्या हाताचा पंजा जमिनीवर टेकलेला. रस्त्यावर आजूबाजूच्या चाळींतली माणसं बघायला जमली होती. त्यांची पाळी अजून यायची होती. एकजण म्हणाला, पुढच्या दिवाळीत आमचं. दुसरा म्हणाला, पाणी पुरणार आहे का पण एवढ्यांना? मशीन गुरगुरलं तसे सगळे गप्प झाले.

म्हातारा गाडीच्या दारापर्यंत आला होता. तिच्याशेजारी. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग हात तिथेच ठेवून तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. फार वेळ बघितलं. काहीतरी शोधत असल्यासारखा. तिला संकोच वाटला, पण माणूस सभ्य होता, म्हणून ती हसली. त्याचा हात खाली आला.

तो वळला आणि वर बघू लागला.

तिनंही वर बघितलं. दुपारचं ऊन नुकतंच गॅलरीवर आलं होतं. रिकामी दारं, रिकामा कठडा. नाही, कठड्यावर काहीतरी वाळत होतं, कोणाच्या तरी लुगड्याचा पदर असावा, आणि ती बघत असतानाच तो हळूच आत ओढला गेला. भाजलेल्या खोबऱ्याचा वास खाली आला. आणि वरून, अगदी रोजच्या आवाजात, कोणी बाई म्हणाली, "अहो, पानं घेतलीत, येताय ना?"

जमलेल्यांपैकी कोणी मान वर केली नाही. म्हाताऱ्यानं ऐकलं. त्याचा चेहरा असा झाला की तिला त्याची दया आली.

"नलिनी," तो वर बघून म्हणाला. मग मोठ्यानं. "नलिनी, खाली ये. नलिनी, अगं खाली ये, पाडतायत." तो फाटकातून आत निघाला. मुलानं त्याला मागून धरलं. "बाबा, आई इथे आहे. बाबा, ही बघा आई." तो ऐकेना. मुलाच्या हातांतून सुटायला धडपडत होता, एवढ्या वयात एवढी ताकद, आणि एकेक गोष्ट मोठ्यानं सांगत होता, शालूचा रंग, खोलीचा नंबर, अपूचं नाव, सगळं बरोबर, जणू बरोबर सांगितलं की मशीन थांबेल. मशीनचा पंजा वर उचलला गेला.

दोघातिघांनी मिळून त्याला तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. त्याचा ऊर भात्यासारखा हलत होता. त्यानं तिचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "ती येत का नाही हो, बाई?"

त्याला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. ती बायकांची रीत ओळखून होती, तेवढं अजून होतं तिच्याकडे. तिनं त्याच्या हातावर थोपटलं.

"येईल हो," ती म्हणाली. "जेवायला बसली असेल. भरल्या पानावरून कसं उठायचं?"